रोलर कोस्टर चालतो, रांग नाही चालत

आमचा भाचा ऑटिस्टिक आहे, नऊ वर्षांचा. डोंबिवलीपासून सीएसएमटीपर्यंत लोकलमध्ये मस्त बसतो, एवढा खडखडाट असून, कारण "पुढील स्टेशन ठाणे" कधी येणार ते त्याला पाठ आहे. एकदा अनाउन्समेंट एक स्टेशन पुढची लागली तर कान दाबून जे रडायला लागला ते घरी येईपर्यंत. म्हणून त्याला थीम पार्कला न्यायचं ठरलं तेव्हा सगळे म्हणाले अगं राइड झेपणार आहे का त्याला. राइड झेपली. रांग नाही झेपली.

यामागे विज्ञान आहे बरं का. आपला मेंदू सतत अंदाज बांधत असतो, पुढच्या क्षणी काय होणार याचा. अमेरिकेतल्या एमआयटीतले मेंदूशास्त्रज्ञ पवन सिन्हा (शिकले आपल्या आयआयटी दिल्लीतच) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडलं की ऑटिझममध्ये हा अंदाज बांधणंच अवघड जात असावं. आहे गृहीतकच, पण भाच्याला बघून मला तरी पटतं. रोलर कोस्टर कितीही भयानक दिसला तरी रूळ तेच, वळणं तीच, दुसऱ्यांदा बसलात की सगळं माहितीचं. रांगेत मात्र कोण कधी ढकलेल, स्पीकर कधी किंचाळेल, काही सांगता येत नाही.

दुसरं म्हणजे सवय होणं. घरातला पंखा पाच मिनिटांनी आपल्याला ऐकूच येत नाही ना, तसं. ऑटिस्टिक मुलांच्या एफएमआरआय (मेंदूचा कुठला भाग कधी काम करतो ते दाखवणारा स्कॅन) अभ्यासांत दिसलंय की त्रासदायक आवाज पुन्हापुन्हा ऐकवला तरी काहींच्या अमिग्डालाची, म्हणजे मेंदूतल्या धोक्याच्या घंटेची, प्रतिक्रिया इतरांइतकी कमी होत नाही. म्हणजे "होईल सवय, थांब जरा" हे आपलं आवडतं वाक्य तिथे कामाचं नाही. त्यापेक्षा कानावरचे इअरमफ बरे. २० डेसिबल कमी झाले तरी आवाजाची ऊर्जा शंभरावा भाग उरते. फक्त ते आधी आठवडाभर घरी घालून बघा, नाहीतर इअरमफच टोचतो म्हणून वेगळं रडगाणं.

राइडचं म्हणाल तर तोल सांभाळणारा अवयव कानाच्या आतच असतो, त्यात द्रव भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. गोल फिरणं, हिंदकळणं काही मुलांना हवंहवंसं वाटतं, काहींना नकोसं, त्यामुळे आधी बागेतल्या झोपाळ्यावर अंदाज घ्या. राइडचे व्हिडिओ आधी दाखवा. शनिवार-रविवार टाळा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, तेव्हा यूडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) सोबत ठेवा आणि रांगेत सवलत मिळते का ते निघायच्या आधीच फोनवर विचारा, गेटवर घाम गाळत वाद घालू नका. आणि पाणी घड्याळ लावून पाजा, कारण तहान, भूक, शू लागल्याचे शरीराचे इशारे यातल्या बऱ्याच मुलांना उशिरा कळतात, त्यात आपल्याकडचा उकाडा.

आणि मूल कोलमडलं तर "लाडावलंय" म्हणणाऱ्या काकूंकडे बघू नका, सावलीत शांत जागा बघा. तो हट्ट नसतो, मेंदूवर ताण असह्य झालेला असतो.

भाचा शेवटी एका छोट्या आगगाडीत सात वेळा बसला, बाकीचं पार्क बघितलंच नाही. भावोजी तिकिटाचा हिशोब करत बसले. ताई म्हणाली, आठव्यांदा बसवूया का?