शब्द शिकवायचे तर अख्खी कादंबरी वाचू द्या

वाचता वाचता अनोळखी शब्द आपोआप कळत जातात, असं आपण सगळेच मानतो. त्यात तथ्य आहे, पण आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूपच कमी. नेदरलँड्समधल्या स्वानबोर्न आणि डी ग्लॉपर या संशोधकांनी १९९९ साली या विषयावरच्या वीस प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले. सहज वाचताना वाटेत येणाऱ्या अनोळखी शब्दांपैकी सरासरी १५ टक्केच मुलांच्या पदरात पडतात, असं त्यांना आढळलं. बाकीचे निसटतात. शब्द मुरायचा तर तो पुन्हा भेटावा लागतो, निराळ्या वाक्यात आणि निराळ्या प्रसंगी.

पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यात ही पुन्हा भेट होत नाही. दोन-तीन पानं, खाली शब्दार्थ, पुढे ‘अलंकार ओळखा’, ‘काळ बदला’. परीक्षा झाली की शब्दही गेला. म्हणून आठवी-नववीच्या मुलांच्या हाती अख्खी ऐतिहासिक कादंबरी द्यावी आणि शब्द, व्याकरण, अलंकार तिच्यातूनच सावकाश शिकवावेत, असं मला मनापासून वाटतं. रणजित देसाई यांची १९६२ सालची ‘स्वामी’ त्यासाठी फार चांगली. थोरल्या माधवरावांना पेशवाईची वस्त्रं मिळाली तेव्हा ते अवघे सोळा वर्षांचे होते, म्हणजे वाचणाऱ्या मुलांहून थोडेसेच मोठे.

पेशवाईचा विषय निघाला की शिलेदार येणारच. क्रिकेटच्या बातमीत ‘बिनीचा शिलेदार’ वाचून मुलं त्याचा अर्थ ‘शूर लढवय्या’ असा लावतात आणि तेवढ्यावर भागतंही. पण शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला आलेला स्वार. सरकारी घोड्यावर बसून लढणारा तो बारगीर. शिलेदाराचा घोडा मेला तर नुकसान त्याचंच, त्यामुळे घोडा जपण्याकडे त्याचा कल असायचा. एवढं कळलं की मोहिमेच्या वर्णनातली सरदारांची कुरकुर आणि थकलेल्या पगाराची तक्रार यांचा अर्थ लागू लागतो. बिनी म्हणजे फौजेची आघाडीची तुकडी. विसाजी कृष्णांना ‘बिनीवाले’ म्हणत ते यावरूनच.

काही शब्द तर एका किल्लीनं जोडीनं उघडतात. फडणीस, चिटणीस, पोतनीस, पारसनीस, सबनीस ही आडनावं वर्गाच्या हजेरीपटावरही सापडतात. शेवटचा ‘नीस’ फारसी ‘नवीस’वरून आला, म्हणजे लिहिणारा. चिटणिसाकडे पत्रं, पारसनिसाकडे फारसी पत्रव्यवहार. हे एकदा फळ्यावर मांडलं की पुढचा ‘नीस’ मुलं स्वतःच फोडून पाहतात.

अर्थ मात्र मुलांच्या अंदाजावर सोडून देऊ नये. आधी अंदाज करू द्यावा, मग अर्थ नेमका सांगावा आणि चार-सहा दिवसांनी पुस्तक मिटून तो आठवायला लावावा. शिकलेलं किती झपाट्यानं विसरतं आणि मध्ये दिवस सोडून केलेली उजळणी कशी जास्त टिकते, हे हर्मन एबिंगहाउसनं स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवलं होतं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट पाहिली. मजकूर पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते, पण आठवड्यानंतर न बघता आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं.

व्याकरणातलं माझं सर्वांत आवडतं उदाहरण रीतिभूतकाळाचं. ‘श्रीमंत पहाटे उठत, पूजा आटोपून फडावर येत, दुपारपर्यंत तिथेच बसत. त्या दिवशी मात्र ते उठले नाहीत.’ ही वाक्यं मी इथे उदाहरणासाठी रचली आहेत, पण असा काळबदल ऐतिहासिक कादंबऱ्यांत जागोजागी दिसेल. ‘उठत’, ‘येत’ म्हणताना वर्षानुवर्षांचा रिवाज समोर येतो आणि ‘उठले’ या एका क्रियापदाशी तो मोडतो. काहीतरी बिनसलंय हे लेखकाला वेगळं सांगावं लागत नाही. ‘काळ ओळखा’ या प्रश्नातून हे कधीच हाती लागत नाही. यानंतर मुलांना आपल्या आजीबद्दल चार ओळी लिहायला सांगाव्यात: आजी पहाटे उठे, चूल पेटवी, काहीबाही गुणगुणे. कॅथरिन बॉक यांनी १९८६ साली दाखवलं की नुकतीच कानावर पडलेली वाक्यरचना माणूस पुढच्या, अगदी असंबद्ध वाक्यातही नकळत वापरतो. म्हणून हे लेखन वाचन झाल्या झाल्या, त्याच तासाला करून घ्यावं.

अलंकारासाठी खुद्द इतिहासच हाताशी आहे. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर घात झाला आणि ती बातमी नानासाहेब पेशव्यांना सावकारी पत्रातून सांकेतिक भाषेत कळली, हे महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या आणि खुर्दा, म्हणजे चिल्लर, किती गेला त्याची गणती नाही, असा त्याचा आशय. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे सरदार, खुर्दा म्हणजे सामान्य सैनिक. माणसांचं नावही न घेता फक्त उपमान, म्हणजे ज्याच्याशी तुलना केली ती वस्तू, ठेवायचं, याला आपल्याकडे रूपकातिशयोक्ती म्हणतात. डेड्रे गेंटनर यांनी १९८३ साली मांडलेल्या सिद्धांतानुसार अशी तुलना समजताना मन मुख्यतः नाती जुळवतं. मोती आणि राजपुत्र दिसायला सारखे असण्याची गरज नसते. मोती, मोहर, खुर्दा ही किमतीची उतरंड राजपुत्र, सरदार, शिपाई या उतरंडीवर बसते आणि पत्र उलगडतं.

मुलं इथे हमखास अडतात ती खुर्द्यापाशी. शिपायांची गणतीसुद्धा का नाही? हा प्रश्न आला की तास लांबला तरी चालेल. पानिपतावर गेलेल्या एखाद्या बारगिराच्या घरच्यांनी हेच पत्र लिहिलं असतं तर त्यात मोती कोण असता, हे मुलांना त्यांच्या शब्दांत लिहू द्यावं.