बॉक्साइटमधलं लोखंड चुंबकाने निघतं का?

बॉक्साइट म्हणजे अॅल्युमिनियमचं खनिज; त्यात लोहही मिसळलेलं असतं. 'बॉक्साइट दळा, चुंबक फिरवा, लोखंड निघालं' हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. तसं होत नाही. कोल्हापूरच्या पठारावरचा तांबूस बॉक्साइटचा खडा कुटून साधं चुंबक लावून बघा: चिकटलेच तर चार काळे कण चिकटतील, लाल भुकटी जागची हलणार नाही. ती लाली हेमेटाइट-गोएथाइट या लोहखनिजांची. ही खनिजं चुंबकाला फारच क्षीण दाद देतात, म्हणून त्यांना तीव्र क्षेत्राची यंत्रं लागतात. शिवाय गोएथाइटच्या स्फटिकातच अॅल्युमिनियम शिरलेलं असतं. ते दळून सुटत नाही. उलट जास्त दळलं की चिखल होतो आणि लोहाबरोबर अॅल्युमिनाही (अॅल्युमिनियमचा ऑक्साइड, म्हणजे हवा असलेला भाग) वाहून जातो. बॉक्साइटपासून अॅल्युमिना काढायच्या बायर प्रक्रियेत तर लोह आधी काढायची तेवढी गरजही नसते: ते कॉस्टिक सोड्यात विरघळत नाही, 'लाल चिखल' म्हणतात त्या गाळात उरतं. लोह आधीच काढायची खरी निकड आहे ती भट्टीच्या विटांसाठी लागणाऱ्या बॉक्साइटला.