सत्य गुन्हेकथांच्या निवडीमागची पार्श्वभूमी

ग्रंथालयाच्या चर्चागटासाठी यंदा सत्य गुन्हेकथा ठरल्या, तेव्हा काही सभासदांनी नाकं मुरडली. ओटीटीची लाट आता वाचनालयातही शिरली, असा त्यांचा सूर. पण मराठीत या लेखनाचा माग काढू लागलं की थेट कोल्हापूरच्या गादीपर्यंत येऊन पोचतो.

छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांचा कारभारी माधवराव बर्वे छळ करतात, असं ‘केसरी’ आणि ‘मराठा’नं लिहिलं. ज्या पत्रांवर भिस्त ठेवली ती बनावट निघाली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि 17 जुलै 1882 रोजी टिळक-आगरकरांना चार महिन्यांची कैद झाली. प्रत्यक्षात 101 दिवस. सुटल्यावर आगरकरांनी ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे एकशे एक दिवस’ लिहिलं. रात्री कोठडीत दोघांचे वाद असे रंगत की पहारेकऱ्यांना त्यांना गप्प करावं लागे. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं घडलं ते महाराज 25 डिसेंबर 1883 रोजी, अवघ्या विशीत, अहमदनगरच्या किल्ल्यात वारले. ग्रीन नावाच्या गोऱ्या सेवकाशी झालेल्या झटापटीनंतर. यादीत हे पुस्तक पहिलं आहे ते म्हणूनच. हेतू चांगला असला तरी पुरावा खोटा निघू शकतो, हे कोल्हापूरकरांनी आधी वाचावं.

त्यानंतर बराच काळ मराठी वाचकाला गुन्हा भेटला तो रहस्यकथेत. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली, आणि वाचनालयांनी ती फाटेपर्यंत फिरवली. तिथं शेवटच्या पानापर्यंत गुन्हेगार सापडतोच.

पुण्यातल्या जोशी-अभ्यंकर खून खटल्यानं ही सोय मोडली. 1976-77 मध्ये कलामहाविद्यालयातल्या मुलांनी दहा माणसं मारली. 27 नोव्हेंबर 1983 रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली. त्यांतल्या मुनव्वर शाहनं तुरुंगात ‘येस, आय अ‍ॅम गिल्टी’ हे आत्मकथन लिहिलं. ते वाचताना लेखकाबद्दल कणव वाटू लागते, आणि तिथंच सावध व्हायला हवं. मारल्या गेलेल्यांच्या घरातून कुणी लिहिलेलं असं पुस्तक माझ्या माहितीत नाही. या यादीकडे मी याच नजरेनं पाहतो: लेखणी कुणाच्या हातात आहे? परभणी जिल्ह्यातल्या मानवतच्या खून प्रकरणाचा तपास करणाऱ्या रमाकांत कुलकर्णींच्या आठवणी घेतल्या, कारण तिथं ती पोलिसाच्या हाती आहे.

ट्रुमन कपोटींचं ‘इन कोल्ड ब्लड’ 1966 चं. कॅन्ससमधल्या होलकोंब गावी 1959 साली एका शेतकरी कुटुंबातल्या चौघांचा खून झाला, त्याची ही हकीकत. कपोटी मुलाखतींत टिपणं घेत नसत, आणि कब्रस्तानातला शेवटचा प्रसंग घडलेलाच नव्हता, हे पुढं उघड झालं. तरीही पुस्तक वाचायलाच हवं. खरं आणि रचलेलं कुठं सांधलं आहे ते शोधण्यासाठी दोन बैठका लागल्या तरी चालतील.

आता आपल्या घरचं. मुलांचं अपहरण आणि खून केल्याबद्दल गावित बहिणींना कोल्हापूरच्या सत्र न्यायालयानं 2001 साली फाशी सुनावली. सर्वोच्च न्यायालयानं ती 2006 साली कायम केली. दयेच्या अर्जांवरच्या निर्णयाला सात वर्षांहून अधिक काळ लागला, म्हणून जानेवारी 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तिची जन्मठेप केली. ज्यांनी 1996 च्या त्या बातम्या वाचल्या, त्या आया अजूनही महाद्वार रोडच्या गर्दीत पोराचं मनगट सोडत नाहीत. या प्रकरणासाठी रंगवून लिहिलेलं काहीच घेतलेलं नाही. 2006 चं निकालपत्रच वाचायचं आहे. भाषा रुक्ष आहे, पण साक्ष कुठली, माफीच्या साक्षीदारावर किती विसंबायचं, हे त्यात उलगडत जातं. निकालपत्राची बैठक शाहच्या आत्मकथनानंतर लगेच ठेवली आहे, आणि चर्चेत मुलांची नावं घ्यायची नाहीत, एवढं आधीच ठरलं आहे.