हळू कापाल तर करपेल

यंत्राच्या करवतीवर फळी कापताना जळकट वास आला, की बहुतेकांचा हात आपोआप आखडतो. वेग जास्त झाला म्हणूनच धूर निघाला, असं वाटतं. मग फळी आणखी सावकाश सरकवली जाते आणि कडेवरचा तपकिरी पट्टा चांगला काळा होतो. ‘अति घाई संकटात नेई’ हे रस्त्यावर खरं असेल. करवतीपुढे मात्र नको तितकी सावकाशी हेच करपण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण असतं.

आधी लाकूड करपतं म्हणजे नेमकं काय होतं ते पाहू. लाकडात मुख्यतः तीन पदार्थ असतात: सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. यांतलं हेमिसेल्युलोज सगळ्यात हळवं. तापमान 200 अंश सेल्सियसच्या पुढे गेलं की त्याच्या साखळ्या तुटायला लागतात आणि रंग तपकिरी होतो. सेल्युलोज तग धरतं, पण 300 च्या वर तेही हार मानतं. म्हणजे डाग पडायला ज्वाळेची गरजच नाही. बाहेरच्या वापरासाठी लाकूड टिकाऊ व्हावं म्हणून ते भट्टीत साधारण 180 ते 220 अंशांवर कित्येक तास ठेवतात. तेही आरपार तपकिरी होऊन बाहेर येतं आणि चांगल्या भावाने विकलं जातं.

मग करवतीपाशी एवढी उष्णता येते कुठून? इथे मला अठराव्या शतकातला शास्त्रज्ञ काउंट रम्फर्ड आठवल्याशिवाय राहत नाही. म्युनिचमध्ये तोफांच्या नळ्या कोरताना धातू भयंकर तापतो, हे त्याने पाहिलं होतं. त्या काळी उष्णता हा ‘कॅलरिक’ नावाचा अदृश्य द्रव आहे आणि धातूचा चुरा होताना तो बाहेर सांडतो, असं मानत. रम्फर्डने मुद्दाम बोथट हत्यार घेतलं, घोड्यांच्या जोरावर ते पितळेवर घासत ठेवलं आणि सगळा प्रकार पाण्यात बुडवला. अडीच तासांनी पाणी उकळलं. चुरा अगदी थोडा पडला, उष्णता मात्र संपता संपेना. 1798 साली त्याने हे प्रसिद्ध केलं. त्याने हत्यार बोथट का निवडलं, यातच आपल्या प्रश्नाचं उत्तर आहे. धारदार हत्यार कापतं आणि कापलेला तुकडा बरीचशी उष्णता सोबत घेऊन उडून जातो. बोथट हत्यार जागच्या जागी घासत राहतं, मग सगळी मेहनत उष्णतेत जाते.

आता थोडं गणित करू. टेबल सॉचं, म्हणजे मेजाच्या फटीतून वर डोकावणाऱ्या गोल करवतीचं, नेहमीचं ब्लेड सुमारे 254 मिलिमीटर व्यासाचं असतं. ते मिनिटाला 4000 फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला 53 मीटर, म्हणजे ताशी 190 किलोमीटर होतो. ब्लेडला 40 दात असतील तर सेकंदाला जवळपास 2,670 दात लाकडाला भिडतात. तुम्ही फळी सेकंदाला 50 मिलिमीटर या वेगाने ढकलत असाल, तर प्रत्येक दाताच्या वाट्याला येणारी प्रगती 19 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असते. माणसाचा केस साधारण 50 ते 100 मायक्रॉन जाड असतो. शिवाय दात लाकडात तिरपा शिरतो, त्यामुळे प्रत्यक्ष निघणारा पापुद्रा याहूनही पातळ असतो.

करवतीची धार म्हणजे भूमितीतली रेषा नव्हे. कितीही घासून लावलेली असली, तरी भिंगाखाली तिचं टोक गोलसरच दिसतं. कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाच्या नव्या दाताच्या टोकाची त्रिज्या काही मायक्रॉन असते. वापरून वापरून ती 30, 40 किंवा त्याहून जास्त मायक्रॉनवर जाते. पापुद्र्याची जाडी या त्रिज्येपेक्षा बरीच कमी झाली, की दाताला लाकडात शिरायला कोन मिळत नाही. तो तंतूंना दाबतो, चेपतो आणि वरून घसरून पुढे जातो. मागून येणारा दातही तेच करतो. काही दात असेच निसटल्यावर एखाद्याला पुरेशी जाडी मिळते आणि तो खरोखर कापतो. मधले सगळे रम्फर्डचा प्रयोग करत असतात.

तुम्ही फळी निम्म्या वेगाने ढकललीत, तर पापुद्रा निम्मा पातळ होतो आणि घसरणाऱ्या दातांची संख्या वाढते. 40 ऐवजी 80 दातांचं ब्लेड लावलंत तरी तेच. ‘जास्त दात म्हणजे जास्त सफाई’ हे वाक्य तंतूंना आडवं कापताना खरं आहे. तंतूंच्या दिशेने उभी फाळणी करायची असेल, तर 24 दातांचं ब्लेड कमी करपवतं. त्याच वेगात त्याचा प्रत्येक दात 31 मायक्रॉनचा घास घेतो, आणि दातांमधल्या मोठ्या खाचांतून भुसाही मोकळा निघतो.

भुशाकडेच पाहा ना. करवत नीट कापत असेल तर तो खरखरीत, कणीदार पडतो. बोटांवर पिठासारखा मऊ लागला, तर दात घासतायत असं समजा. दाताची धारही डोळ्यांनी तपासता येते. यंत्राचा प्लग काढा, ब्लेड उतरवा आणि दात दिव्याखाली तिरपा धरा. चांगली धार प्रकाश परत पाठवत नाही, ती काळीच दिसते. बोथट झालेल्या टोकावर बारीक पांढरी रेघ चमकते. ती चमक म्हणजेच गोलावलेलं टोक.

निर्माण झालेली उष्णता लाकडात जिरून का जात नाही? कारण लाकूड उष्णतेच्या बाबतीत कमालीचं मंद आहे. उष्णता किती भरभर पसरते ते मोजणाऱ्या राशीला ऊष्मीय विसरणशीलता म्हणतात. लाकडासाठी ती सेकंदाला साधारण 0.16 चौरस मिलिमीटर, अ‍ॅल्युमिनियमसाठी 90 हून जास्त. उष्णतेने गाठलेली खोली ढोबळमानाने ही राशी आणि वेळ यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाइतकी असते. एका सेकंदाला लाकडात 0.4 मिलिमीटर, अ‍ॅल्युमिनियममध्ये जवळपास 10 मिलिमीटर. हे आकडे डोक्यावरून गेले तरी हरकत नाही. एवढंच लक्षात ठेवा, की लाकडात उष्णता पृष्ठभागाशीच साचते. त्यामुळे डाग चटकन पडतो, पण सहसा उथळ असतो.

आतापर्यंत सगळा दोष दातांच्या टोकावर ढकलला, पण ब्लेडच्या बाजूही घासतात. दात ब्लेडच्या पत्र्यापेक्षा किंचित रुंद ठेवलेले असतात, म्हणजे मागून येणारा पत्रा खाचेच्या भिंतींना लागू नये. दातांच्या बगलेत राळ आणि भुशाचा थर साचला की ही मोकळीक भरून जाते. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा टाकून उतरवलेलं ब्लेड थोडा वेळ भिजवलं आणि जुन्या दातघासणीने घासलं, की हा थर निघतो. नंतर लगेच कोरडं पुसायचं, नाहीतर गंज चढतो. कित्येकदा ‘बोथट झालं’ म्हणून बाजूला टाकलेलं ब्लेड नुसतं मळलेलं असतं.

डाग कुठे पडला आहे, यावरून रोग ओळखता येतो. फळीला आधार देणारी फेन्स ब्लेडला अचूक समांतर हवी. ती मागच्या टोकाला ब्लेडकडे झुकली असेल, तर फेन्स आणि ब्लेड यांच्यामध्ये लाकूड चिमटतं आणि फेन्सच्या बाजूचा तुकडा करपतो. उलट ती मागे फाकली असेल, तर सुटणारा तुकडा करपतो. एकाच जागी आडवा काळा पट्टा असेल तर तिथे तुमचा हात थांबला होता. हात बदलायला क्षणभर थबकलात तरी ब्लेड थबकत नाही. लांब फळीसाठी पुढचा आधार आणि ढकलकाठी आधीच तयार ठेवायची ती यासाठीच.

एक प्रकार मात्र डागापुरता मर्यादित नाही. वाळताना लाकडात ताण अडकून बसतात आणि कापल्यावर फळीचे दोन्ही भाग एकमेकांकडे मिटतात. मिटलेली खाच ब्लेडला धरते, धूर येतो, आणि ब्लेडचे मागचे, वर येणारे दात फळी उचलून तुमच्या दिशेने फेकू शकतात. ब्लेडच्या मागे बसवलेली रायव्हिंग नाइफची पाती हेच मिटणं अडवते. ती काढून ठेवण्याची खोड वाईट. फळी अडकत असेल तर जोर लावू नका. यंत्र बंद करा, ब्लेड पूर्ण थांबू द्या, मगच पाहा. वेगाने ढकला याचा अर्थ मोटर कण्हेपर्यंत रेटा असा नाही. आवाज किंचित उतरावा, पण गुदमरू नये.

बाजारात ‘कधीच करपवणार नाही’ असं सांगत रंगीत लेप दिलेली ब्लेडं विकतात. लेपामुळे राळ कमी चिकटते, हे मान्य. वाकडी फेन्स मात्र कोणताही लेप सरळ करत नाही आणि बोथट दाताला धारही आणत नाही. चेरी आणि मेपल ही लाकडं तर सगळं नीट असूनही करपण्यासाठी बदनाम आहेत. सागवानातली सिलिका, म्हणजे वाळूतला कठीण पदार्थ, थेट दाताची धारच खाते.

अशा लाकडांसाठी सोपा मार्ग म्हणजे पहिल्या कापात तुकडा हव्या त्या मापापेक्षा 1 मिलिमीटर जास्त रुंद ठेवायचा आणि मग तेवढीच कड दुसऱ्या फेरीत काढायची. या वेळी ब्लेड एकाच बाजूने लाकडाला लागतं, त्यामुळे चिमटायला जागाच राहत नाही. त्यातूनही डाग पडलाच, तर उभ्या कडेवर धारदार रंध्याचे एक-दोन हात पुरतात. फळीच्या आडव्या टोकाला तंतूंच्या नळ्या उघड्या असतात, तिथे तो जास्त चिवट निघतो. तिथे जाडसर पॉलिश पेपरपासून सुरुवात करा. झिजलेला पेपर जोराने दाबलात, तर तोही घासूनच लाकूड तापवतो.