खडकातल्या पाण्याचा दाब

जमिनीखाली 5 किलोमीटरवर वरच्या खडकांचा दाब साधारण 130 मेगापास्कल भरतो (1 मेगापास्कल म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे दहापट). भेगांत भरलेलं पाणी त्यातले 50 पेलतं. भेगेच्या दोन बाजू एकमेकींवर दाबून धरायला उरतात 80. घर्षण या उरलेल्या दाबावर ठरतं. वरून पंपाने पाणी ढकललं की तोही घटतो आणि आधीच ताणाखाली असलेली भेग सरकते. पाणी वंगणासारखं काम करतं असं पुष्कळदा लिहिलं जातं, ते खरं नाही. भेग सरकवतो तो पाण्याचा दाब.

भूगर्भातली उष्णता वर आणायची तर तापलेल्या कठीण खडकात पाण्याला वाट करून द्यावी लागते. त्यासाठी स्वित्झर्लंडमधल्या बासेलमध्ये डिसेंबर 2006 मध्ये सहा दिवसांत सुमारे 11,500 घनमीटर पाणी खोल विहिरीतून दाबाने सोडलं. हादरे वाढताच पंप थांबवले, तरी काही तासांनी 3.4 तीव्रतेचा धक्का बसलाच. पंप थांबला तरी विहिरीजवळचा दाब दूरवर पसरत राहतो आणि मोठ्या भेगा गाठतो. अमेरिकेतल्या डेन्व्हरजवळच्या सांडपाण्याच्या खोल विहिरीत 1966 मध्ये पाणी सोडणं थांबलं. सर्वांत मोठे धक्के आले 1967 मध्ये.

म्हणून हादऱ्यांनुसार पंप चालू ठेवायचा, मंदावायचा की थांबवायचा हे ठरवणारी हिरवा-पिवळा-लाल अशी सिग्नल पद्धत वापरताना लाल मर्यादा सोसवेल त्या धक्क्याच्या बरीच खाली ठेवतात. हेलसिंकीतल्या अशाच प्रकल्पात 2018 मध्ये ती 2.1 तीव्रतेची होती, हादऱ्यांनुसार पंप मंदावत नेले आणि ती ओलांडली गेली नाही. पण विहिरीने मोठा भंगच, म्हणजे खडक जिथे सरकतात ती मोठी चीर, छेदला असेल तर सिग्नल पुरत नाही. दक्षिण कोरियातल्या पोहांगमध्ये उष्णतेसाठीच विहीर खोदताना सुमारे 3.8 किलोमीटरवर ड्रिलिंगचा चिखल (खोदताना विहिरीत फिरवतात तो) खडकात गायब होत होता. भंगाची ती खूण होती. 2017 मध्ये तिथे 5.4 तीव्रतेचा भूकंप झाला.

डोंगरउतारावरही हेच गणित, फक्त आकडे लहान. 10 मीटर जाड मातीच्या तळाशी सुमारे 190 किलोपास्कल दाब असतो. भूजल पृष्ठभागापर्यंत चढलं तर निम्म्याहून अधिक भार पाणी पेलतं आणि दरड सुटते. त्यामुळे नुसतं पर्जन्यमापक पाहून इशारा देणं अपुरं. घसरण्याच्या थराजवळ पिझोमीटर, म्हणजे जमिनीतल्या पाण्याचा दाब मोजणारं उपकरण, हवा. उतारात किंचित वर तिरप्या, छिद्रांच्या नळ्या घालून पाणी काढतात, पण ती छिद्रं गाळाने आणि चुन्याच्या थराने बुजतात. नळी ठिबकायची थांबली म्हणजे उतार कोरडा झाला, असा अर्थ नगररचनेच्या नकाशात कधी धरू नये. त्याच वेळी पिझोमीटरचा आकडा चढत असेल, तर आधी नळ्या धुऊन घ्याव्यात आणि पायथ्याच्या बांधकामाचा विचार नंतर करावा.