अंतराळातला पेन आणि पेन्सिलीची थाप

‘नासाने अंतराळातल्या पेनवर कोट्यवधी डॉलर उधळले, रशियनांनी मुकाट पेन्सिल वापरली’ ही वर्षानुवर्षं फिरणारी गोष्ट निव्वळ थाप आहे. पेन्सिली नासाकडेही होत्या. १९६५ मध्ये ३४ यांत्रिक पेन्सिली प्रत्येकी १२८.८९ डॉलरना घेतल्याबद्दल बोलणीही खाल्ली. पण मोडलेलं टोक तरंगत डोळ्यात जातं, ग्रॅफाइटच्या भुकटीतून वीज वाहते, म्हणजे शॉर्टसर्किटची भीती. लाकूड तर पेटणारच, आणि यानात तेव्हा शुद्ध ऑक्सिजन! पेन बनवला अमेरिकेतले पेन-उत्पादक पॉल फिशर यांनी, स्वतःच्या पैशाने. बंद रिफिलमध्ये दाबाखालचा नायट्रोजन शाई पुढे ढकलतो. शाई एरवी घट्ट, टोकाची गोळी फिरली की पातळ. नासाने चाचण्या घेऊन सुमारे ४०० पेन विकत घेतले. १९६९ मध्ये सोव्हिएत संघानेही तेच १०० पेन मागवले, शिवाय १,००० रिफिल.