पीतपिंडाचे चौदा दिवस

गौरी-गणपती जवळ आले, घरात लग्न निघालं, की मेडिकलच्या काउंटरवर पाळी पुढे ढकलायची गोळी हमखास मागितली जाते. पाळीमुळे देवकार्य बाटतं या समजाला शरीरशास्त्रात काडीचाही आधार नाही, तरी बायकांना ती गोळी घ्यावी लागते. त्याच काउंटरवर दबक्या आवाजात दुसरीही मागणी येते: "तारीख उलटून दहा दिवस झालेत, पाळी यायची गोळी द्या." आणि बऱ्याचदा दोघींच्या हातात पडते ती गोळी एकच असते, नॉरएथिस्टेरॉन.

एकच गोळी पाळी लांबवते आणि आणतेही, हे कसं? आणि दिवस राहिले असतील तर ती काय करते? यातल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे, काहीच नाही. गर्भ राहिला असेल तर या गोळीने पाळी येत नाही आणि गर्भपातही होत नाही. पाच दिवस गोळ्या, मग आठवडाभर वाट पाहणं, यात जवळजवळ दोन आठवडे हातचे जातात, आणि गर्भ नको असेल तर याच दिवसांना सर्वांत जास्त किंमत असते.

हे समजून घ्यायचं तर बीजकोशात डोकवायला हवं. मासिक चक्राच्या साधारण मध्यावर बीजकोशातल्या एका पुटकुळीतून स्त्रीबीज बाहेर पडतं. एवढं शाळेत शिकवतात. बीज गेल्यावर मागे उरलेल्या पुटकुळीचं काय होतं, हा खरा रंगतदार भाग शाळेत राहून जातो. ती वाया जात नाही. तिच्या भिंतीतल्या पेशी फुगतात, त्यांत चरबीचे थेंब आणि पिवळं रंगद्रव्य साठतं, आणि एक-दोन सेंटिमीटरचा पिवळसर गोळा तयार होतो. हा पीतपिंड. त्याचं काम प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार करायचं. प्रोजेस्टेरॉन मिळालं की गर्भाशयाचं अस्तर जाड, रक्ताने भरलेलं आणि स्थिर राहतं, स्नायू शांत राहतात.

पण पीतपिंडाला आयुष्य मिळतं जेमतेम चौदा दिवसांचं. ते संपलं की तो सुकतो, प्रोजेस्टेरॉन घसरतं, अस्तरातल्या नागमोडी रक्तवाहिन्या आवळल्या जातात, अस्तर सुटतं. ही पाळी. म्हणजे पाळी येते ती प्रोजेस्टेरॉनचा आधार निघून जातो म्हणून. नॉरएथिस्टेरॉन हा प्रोजेस्टेरॉनचाच कृत्रिम भाऊबंद. गोळ्या चालू आहेत तोवर अस्तर टिकतं, बंद केल्या की दोन-चार दिवसांत सुटतं. दोन्ही मागण्या एकाच गोळीने भागतात त्या अशा.

आता समजा स्त्रीबीज फळलं. सहा ते बारा दिवसांत, बहुधा आठव्या ते दहाव्या दिवशी, तो पेशींचा पुंजका अस्तरात रुततो. तेव्हा पीतपिंडाचे मोजकेच दिवस उरलेले असतात. पाळी आली तर पुंजकाही वाहून जाणार. म्हणून त्याच्या बाहेरच्या थरातल्या पेशी लगेच एक संप्रेरक आईच्या रक्तात सोडायला लागतात, एचसीजी. ते बीजकोशापर्यंत पोचतं आणि पीतपिंडाला मरू देत नाही. सुरुवातीला दर दोन-तीन दिवसांनी एचसीजी दुप्पट होतं, कारण पीतपिंडाला जगवायला दिवसेंदिवस जास्त जोर लागतो. डोळ्यांना दिसणारही नाही एवढा पुंजका रक्तातून निरोप धाडून दुसऱ्या अवयवाचं मरण टाळतो. शरीरशास्त्रात इतकं विलक्षण मला क्वचितच काही दिसलं आहे.

सातव्या ते नवव्या आठवड्यांच्या दरम्यान गर्भाला पोसणारी वार स्वतःच पुरेसं प्रोजेस्टेरॉन बनवू लागते आणि पीतपिंडाची गरज संपते. अर्पाद चापो या हंगेरियन वंशाच्या शास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात हे दाखवून दिलं. सातव्या आठवड्याआधी पीतपिंड काढला की गर्भ पडत असे, आणि काढल्यावर बाहेरून प्रोजेस्टेरॉन दिलं तर टिकत असे. पाळी यायच्या गोळीचा निकाल यातच लागतो. दिवस राहिलेल्या बाईला ती दिली, तर ज्या संप्रेरकावर गर्भ तगून आहे त्याच जातीचं संप्रेरक आपण वरून देत असतो. पूर्वी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनच्या भारी मात्रेच्या गोळ्या गर्भचाचणी म्हणूनही देत. रक्तस्राव झाला नाही, तर दिवस गेले असं समजायचं. त्यांच्याविरुद्ध स्त्रीसंघटना वर्षानुवर्षं लढल्या आणि १९८८ साली भारतात त्यांवर बंदी आली.

आज चाचणीसाठी एचसीजीचाच माग काढतात. मेडिकलमध्ये स्वस्तात मिळणारी, आणि आशाताईंकडे 'निश्चय' नावाने फुकट मिळणारी पट्टी तेच करते. सकाळच्या पहिल्या लघवीचे दोन-तीन थेंब खाचेत टाकले की ते कागदातून पुढे सरकतात. वाटेत त्यांना सोन्याचे अतिसूक्ष्म कण भेटतात, त्यांवर एचसीजीला चिकटणारी प्रतिपिंडं बसवलेली असतात. एचसीजी असेल तर ते कणांसकट 'टी' रेघेवर अडकतं आणि रेघ लाल दिसते. तो लाल रंग खऱ्या सोन्याचा. इतक्या बारीक कणांत सोनं लालच दिसतं. 'सी'ची रेघ, म्हणजे पट्टी नीट चालल्याची खूण, आलीच नाही तर चाचणी फुकट गेली. 'टी'ची रेघ फिकी असली तरी ती रेघच, पण पाकिटावर लिहिलेल्या वेळेतच पाहायची. अर्ध्या तासाने उमटलेल्या छटेला अर्थ नाही.

घाईत केलेली चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, कारण पुंजका उशिरा रुतला तर एचसीजी अजून पुरेसं वाढलेलं नसतं. पाळी आली नाहीच तर तीन-चार दिवसांनी पुन्हा करावी. पाळी मुळातच अनियमित असेल तर शेवटच्या असुरक्षित संबंधापासून तीन आठवडे मोजावेत. तेव्हाही निगेटिव्ह आली तर विश्वास ठेवायला हरकत नाही. मळमळ, स्तन दुखणं, थकवा यांवर निदान करू नये, पाळीआधीही हेच होतं. रुजताना थोडं डागही लागतं आणि तीच पाळी समजून काहीजणी महिनाभर निर्धास्त राहतात.

आठवडे मोजण्यातही गफलत होते. डॉक्टर गर्भाचं वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे पाळी चुकली त्या दिवशीच हिशेबात चार आठवडे भरलेले असतात, गर्भधारणा दोनच आठवड्यांपूर्वीची असली तरी. अमेरिकेत जॉर्जियासारख्या राज्यात सुमारे सहा आठवड्यांनंतर गर्भपाताला बंदी आहे. ती मुदत किती तोकडी, हे यावरून कळेल: तारीख चुकल्यावर उरतात फक्त दोन आठवडे.

गर्भ नको असेल तर नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी गर्भपात करता येतो, आणि इथे पुन्हा प्रोजेस्टेरॉनच मध्यवर्ती आहे. पहिली गोळी मिफेप्रिस्टोन. फ्रान्समध्ये १९८०च्या सुमारास एतिएन-एमिल बोलियू यांच्या पुढाकाराने हे औषध घडलं. भारतात त्याला २००२ साली परवानगी मिळाली. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरावी तसं ते अस्तरातल्या प्रोजेस्टेरॉनच्या जागा धरून बसतं. प्रोजेस्टेरॉन रक्तात भरपूर असतं, पण त्याला टेकायला जागा नसते, आणि अस्तर सुटू लागतं. एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल. मुळात पोटातल्या अल्सरसाठी आलेलं हे औषध गर्भाशयाला कळा आणतं आणि तोंड सैल करतं. दोन्ही मिळून शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक जणींचं काम पुरं होतं. उरलेल्यांना, किंवा दिवस जास्त झाले असतील तर, नळीने ओढून पिशवी रिकामी करतात. जुनं खरवडण्याचं क्युरेटिंग टाळावं असंच जागतिक आरोग्य संघटना सांगते.

गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्याव्यात. मुख्य कारण म्हणजे गर्भ गर्भनलिकेत रुजलेला असू शकतो. पट्टी तेव्हाही पॉझिटिव्हच येते, या गोळ्यांचा मात्र उपयोग होत नाही, आणि गर्भनलिका फुटली तर जीवावर बेततं. ओटीपोटात एका बाजूला सतत दुखणं, खांदा दुखणं, भोवळ येणं, यांत रात्र काढायची नाही. गोळ्यांनंतर तासाला दोन पॅड याप्रमाणे दोन तास भिजले किंवा ताप उतरेना, तर दवाखाना गाठायचा. पपई, गरम पदार्थ, गावठी काढे यांनी गर्भ भरवशाने पडत नाही. योनीमार्गे काड्या घालण्याने मात्र कित्येक बायकांचे जीव गेले आहेत. अशा मृत्यूंमुळेच शांतिलाल शहा समिती नेमली गेली, त्या वेळी ते महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते, आणि समितीच्या शिफारशींतून १९७१चा गर्भपाताचा कायदा आला.

२०२१च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, आणि गर्भनिरोधक फसलं हे कारण अविवाहितेलाही लागू आहे. बलात्कारपीडितांसारख्या ठरावीक गटांना दोन डॉक्टरांच्या मताने चोवीस आठवड्यांपर्यंत मुभा आहे. २९ सप्टेंबर २०२२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यातूनही अविवाहितांना वगळता येणार नाही असं सांगितलं. वयाची अठरा वर्षं पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही, तरी अनेक दवाखाने ती मागतात, आणि ते चूक आहे. नाव गुप्त ठेवणं हे डॉक्टरांचं कायदेशीर कर्तव्य आहे. लिंगनिदानविरोधी कायदा वेगळा, १९९४चा. त्याच्या धास्तीने दुकानदार या गोळ्या ठेवायला बिचकतात. पण नऊ आठवड्यांपर्यंत सोनोग्राफीत मुलगा-मुलगी कळतच नाही, मग या गोळ्यांचा लिंगनिवडीशी संबंध लावायचा कसा?

गर्भपात पुरा झाल्यावर लगेच घरी पट्टी करून घाबरू नये. एचसीजी रक्तातून हळूहळू उतरतं आणि तीन-चार आठवडे रेघ दिसू शकते. झालं की नाही, ते डॉक्टरांच्या तपासणीतून कळतं. बीजकोश मात्र थांबत नाहीत. आठ-दहा दिवसांतही नवं बीज सुटू शकतं, म्हणजे पाळी परत येण्याआधीच पुन्हा दिवस राहू शकतात. म्हणून कोणतं गर्भनिरोधक वापरायचं हे गोळ्या घेतानाच डॉक्टरांना विचारून घ्यावं.